मांजऱ्या खडकातला पांढरा खडा

जिंतूरकडच्या डोंगराळ पट्ट्यात विहीर खणायला घेतली की आधी मुरूम लागतो, मग कुठंतरी मांजऱ्या. या खडकाला भोकंच भोकं असतात आणि त्यांत पांढरे, चकाकणारे खडे बसलेले असतात. सगळ्यांना सरसकट गारगोटी म्हणायची रीत आहे. काही खरोखरच गारा. बरेचसे मात्र झिओलाइट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि पुढे झिरपलेल्या खनिजयुक्त पाण्यातून त्या पोकळ्यांत हे स्फटिक वाढले.

1756 साली स्वीडनच्या क्रोनस्टेट यांनी असा खडा तापवला, तर तो फसफसला. आतल्या पाण्याची वाफ होत होती. झिओलाइट हे नाव त्यांनीच दिलं. पण असा खडा पाण्यातला धातूही पकडतो, याचा माग लागला तो मातीमुळे. 1850च्या सुमारास इंग्लंडात थॉम्पसन हे जमीनदार आणि वे हे रसायनतज्ज्ञ खताची नासाडी कशी थांबवावी याच्या मागे होते. मातीच्या थरावर अमोनियम सल्फेटचं पाणी ओतलं, तर खालून निघालं जिप्समचं. मातीने अमोनिया ठेवून घेतला होता आणि बदल्यात कॅल्शियम सोडला होता. हा व्यवहार उलटाही फिरतो, हे वे यांना मान्य नव्हतं. ते 1858 साली आइखहॉर्न यांनी झिओलाइटवरच करून दाखवलं.

झिओलाइटच्या जाळीदार सांगाड्यात अॅल्युमिनियममुळे ऋण भार असतो आणि तो फेडायला सोडियम, कॅल्शियमचे आयन सैलसर बसलेले असतात. पाण्यातून शिसं आलं की एसटीत म्हाताऱ्या माणसाला जागा द्यावी तसा सोडियम उठतो. चेर्नोबिल आणि फुकुशिमाच्या अपघातांनंतर किरणोत्सारी सिझियम अडवायला झिओलाइटच वापरलं गेलं.

परभणीची काळी माती याच बेसाल्टची लेक. तिच्यातलं माँटमोरिलोनाइट हे खनिजही अशीच अदलाबदल करतं. मग पाण्याच्या गाळणीत झिओलाइटऐवजी तीच का भरत नाहीत? पहिल्या पावसात शेतात पाय घालून बघा! ती फुगते, चिकटते, पाण्याची वाट बंद करते. झिओलाइटचा खडा भिजूनही खडाच राहतो.

गाळण्यांत मुख्यतः वापरतात ते क्लिनोप्टिलोलाइट, ज्वालामुखीच्या राखेच्या जाड थरांतलं. आपल्याकडचं ह्यूलँडाइट त्याचं सख्खं भावंड, सांगाडा तोच. पण ते भोकाभोकांत विखुरलेलं, म्हणून संग्राहकांच्या कपाटात जास्त शोभतं. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात हा दिमाख पाहायला मिळतो.

आणखी एक. बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर त्यातला कॅल्शियमही जागा अडवतो, खडे लवकर थकतात. फ्लोराइडवर तर साधं झिओलाइट चालतच नाही, कारण त्याचा भार ऋण. थकलेले खडे मिठाच्या पाण्याने धुऊन पुन्हा वापरता येतात, पण सुटलेलं शिसं त्या धुवणात उतरतं. ते मोरीत ओतायचं नाही.