तीच गोळी, तेवढीच दारू, फक्त नळी बारीक

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझ्या मामाचं लेथचं वर्कशॉप आहे. लहानपणी सुट्टीत तिथे गेलो की एक शब्द सारखा कानावर पडायचा, ‘व्हिटवर्थ आटा’. मला वाटायचं बोल्टाची एखादी कंपनी असेल. बीटेक करताना कळलं की तो माणूस होता. आणि त्याने बंदूकही बनवली होती, हे तर मला मागच्या वर्षी कळलं. आजचा भाग त्या बंदुकीचा.

जोसेफ व्हिटवर्थचा जन्म १८०३ चा, इंग्लंडमधल्या स्टॉकपोर्टचा. तरुणपणी तो लंडनला जोसेफ क्लेमेंटच्या कारखान्यात होता. हा तोच क्लेमेंट, जो चार्ल्स बॅबेजच्या गणनयंत्राचे भाग बनवत होता. म्हणजे आम्हा कॉम्प्युटरवाल्यांचं आणि त्याचं लांबचं नातं निघतंच. पुढे मँचेस्टरला त्याने स्वतःचा कारखाना काढला. १८४१ मध्ये त्याने सुचवलं की सगळ्यांनी बोल्टाचे आटे एकाच मापात कापावेत, कोन ५५ अंशांचा. तोवर प्रत्येक कारखान्याचा आटा वेगळा असायचा. मामाच्या तोंडी असलेला आटा तो हाच.

आता बंदुकीकडे येऊ. ब्रिटिश सैन्याकडे तेव्हा १८५३ सालची एनफील्ड होती. ठासणीची बंदूक, एका वेळी एकच बार. नळीचं भोक ०.५७७ इंच, म्हणजे साधारण साडेचौदा मिलिमीटर. गोळी ५३० ग्रेनची, म्हणजे ३४ ग्रॅम. दहा रुपयांची चार-साडेचार नाणी हातात घ्या, तेवढं शिसं. दारू ७० ग्रेन, म्हणजे साडेचार ग्रॅम. नळीच्या आतले आटे गोळीला फिरकी देतात, पण एनफील्डमध्ये एक पूर्ण फेरा व्हायला ७८ इंच लागायचे आणि नळी होती ३९ इंचांची. म्हणजे गोळी अर्धा फेरा घेऊन बाहेर!

सरकार व्हिटवर्थकडे गेलं ते या बंदुका झपाट्याने तयार करणारी यंत्रं मागायला. तो म्हणाला, नळी कशी असावी हेच अजून कोणी नीट तपासलेलं नाही, मग यंत्र कशाचं बनवू? आधी प्रयोग करू द्या. मला हा माणूस इथेच आवडला. आमच्या धंद्यात क्लायंटने फीचर मागितलं की आम्ही लगेच कोड लिहायला बसतो. हा बसला नाही.

मँचेस्टरजवळ स्वतःच्या घराच्या आवारात त्याने ५०० यार्ड लांबीची बंदिस्त शाळाच उभारली, नेमबाजीसाठी. खर्च सरकारचा. पहिली वादळात पडली, पुन्हा बांधली. बंदिस्त अशासाठी की वारा मध्ये यायला नको. आणि गोळीच्या वाटेत त्याने पातळ कागदाचे पडदे टांगले. गोळी प्रत्येक पडद्यातून आरपार जाते आणि भोक ठेवून जाते. भोक गोल असेल तर गोळी सरळ चाललीय, लांबट असेल तर ती डुलायला लागलीय. आम्ही प्रोग्रॅममध्ये जागोजागी लॉग टाकतो ना, तसंच हे, फक्त कागदावर.

मग त्याने काय केलं बघा. गोळीचं वजन तेच ठेवलं, ५३० ग्रेन. दारूही तेवढीच, ७० ग्रेन. बदललं फक्त भोक, ०.४५१ इंच. आता तेवढंच शिसं बारीक नळीत बसवायचं तर गोळी लांब होणार. व्यासाच्या जवळपास तिप्पट लांब. फायदा काय? समोरून हवेला मिळणारं तोंड ३९ टक्क्यांनी कमी झालं, वजन मात्र तसंच राहिलं. त्यामुळे गोळीचा वेग लांबवर टिकतो.

पण लांब गोळीची एक खोड असते. फिरकी कमी पडली की ती हवेत आडवी होते. भोवरा आठवा. वेगात फिरतो तोवर ताठ, वेग मंदावला की डुलतो आणि पडतो. म्हणून व्हिटवर्थने आटे घट्ट करत नेले, अगदी टोकाचे पीळसुद्धा करून पाहिले. शेवटी आकडा ठरवला, २० इंचांत एक फेरा. आणि गोल नळीऐवजी षट्कोनी नळी, तिच्यात बसणारी षट्कोनी गोळी. नट-बोल्टच म्हणा ना!

गंमत पुढेच आहे. १८७९ मध्ये वूलिचमधले गणितज्ञ जॉर्ज ग्रीनहिल यांनी फिरकीचं सूत्र मांडलं. व्यासाचा वर्ग गुणिले १५०, भागिले गोळीची लांबी. मी मोबाइलवर हिशेब केला. लांबी व्यासाच्या तिप्पट धरली तर उत्तर येतं साडेबावीस इंच. व्हिटवर्थ सूत्राच्या वीसेक वर्षं आधी, कागदाची भोकं बघत बघत २० वर पोचला होता.

एप्रिल १८५७ मध्ये हाइथच्या सरकारी नेमबाजी शाळेत दोन्ही बंदुकांची परीक्षा झाली. ५०० यार्डांवर एनफील्डच्या गोळ्या मध्यापासून सरासरी सव्वादोन फूट भरकटल्या, व्हिटवर्थच्या साडेचार इंच. १४०० यार्डांवर एनफील्डची गोळी निशाणाला लागेचना, व्हिटवर्थची लागत होती. १८६० मध्ये विम्बल्डनच्या स्पर्धेचं उद्घाटन व्हिक्टोरिया राणीने केलं ते याच बंदुकीने. बंदूक स्टँडवर पक्की बसवलेली, राणीने फक्त दोरी ओढली. ४०० यार्डांवर गोळी मध्यापासून इंच-सव्वा इंचावर.

तरीही सैन्याने ती घेतली नाही. का? महाग होती. आणि काळी दारू जळली की निम्म्याहून जास्त भाग काजळी-राख होऊन मागे उरतो. बारीक नळीत ती काजळी लवकर साचते, पुढची गोळी आत ठासता येत नाही. शांत बंदिस्त शाळेत हे चालतं, लढाईत नाही. मला आमचं एक ॲप आठवलं. ऑफिसच्या महागड्या फोनवर भन्नाट पळायचं. लोकांच्या साध्या फोनवर उघडायलाच तयार नाही. चूक कोडची नव्हती, आम्ही मोजलं ते चुकीच्या जागी.

व्हिटवर्थचा विचार मात्र मेला नाही. १८७१ मध्ये ब्रिटिशांनी मार्टिनी-हेन्री घेतली. तीही एकबारीच, पण काडतूस मागून भरायचं, म्हणजे ठासायची कटकट गेली. भोक ०.४५० इंच, गोळी ४८० ग्रेन, २२ इंचांत एक फेरा. बारीक नळी, जड गोळी, घट्ट पीळ. आकडे ओळखीचे वाटतात ना?

आता कॅलेंडर पुन्हा १८५७ वर न्या. हाइथला एनफील्ड परीक्षेत हरत होती त्याच एप्रिलमध्ये, ८ तारखेला, बराकपूरला मंगल पांडेंना फाशी झाली. ठिणगी त्याच एनफील्डच्या काडतुसाची होती. तिकडे प्रश्न होता गोळी किती इंच भरकटते. इकडे प्रश्न होता काडतुसाला चरबी कसली लावलीय, आणि ते दातांनी तोडायला लावणाऱ्यांवर विश्वास ठेवायचा का. तो प्रश्न कुठल्याच कागदी पडद्यावर उमटत नाही.

उठावानंतर ब्रिटिशांनी हिंदी शिपायांच्या हाती एक पिढी जुनी बंदूक ठेवायला सुरुवात केली. २७ जुलै १८८० ला अफगाणिस्तानात मैवंदची लढाई झाली. गोऱ्यांच्या ६६व्या पलटणीकडे मार्टिनी-हेन्री होती. त्यांच्या शेजारी उभ्या बॉम्बे ग्रेनेडियर्सकडे आणि जेकब्ज रायफल्सकडे स्नायडर, म्हणजे मागून भरायची सोय केलेली तीच जुनी ०.५७७ ची एनफील्ड. एकच मैदान, एकच शत्रू, एकच हुकूम. नळी मात्र कातडीच्या रंगावरून.

व्हिटवर्थने वजन आणि दारू सारखी ठेवून फक्त भोक बदललं, कारण फरक नेमका कशाने पडतो ते त्याला बघायचं होतं. मैवंदला साम्राज्याने तोच प्रयोग माणसांवर केला. व्हिटवर्थला आपल्या फरकाचं उत्तर शोधायचं होतं. साम्राज्याने आपलं उत्तर आधीच ठरवलेलं होतं.

मामाला ही गोष्ट फोनवर सांगितली. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, “आटा चांगलाच कापलाय रे त्यानं. बोल्ट कुठं लावायचा ते कापणाऱ्याच्या हातात नसतंय.”