टिकेल ना हो?

बाजारात वस्तू घेताना कोणी रंग बघतो, कोणी भाव बघतो. मराठी मध्यमवर्गीय माणूस आधी ती वस्तू हातात घेऊन तिचे वजन बघतो, बोटाने दोनदा टकटक वाजवतो आणि दुकानदाराला विचारतो, “टिकेल ना हो?” हा प्रश्न तो छत्रीबद्दल विचारतो, चपलेबद्दल विचारतो आणि मुलीला स्थळ आले तर होणाऱ्या जावयाच्या नोकरीबद्दलही विचारतो.

आमच्या घरातले स्टीलचे कपाट वडिलांनी १९५८ साली घेतले. तेव्हापासून आम्ही चार बिऱ्हाडे बदलली. दर वेळी हमाल बदलले, कपाट तेच राहिले. पाटा-वरवंट्याला तर जन्मतारीखच नाही. तो आईच्या सासूच्या सासूचा. अशा घराण्यात संगणक येणे म्हणजे पहिलवानांच्या घरात कवी जन्मण्यासारखे आहे. सगळे त्याचे कौतुक करतात आणि ‘याचं पुढं कसं होणार’ म्हणून सगळेच काळजीत असतात.

काळजी रास्त आहे. या जातीचे मूळपुरुषच नाजूक प्रकृतीचे. आपल्या मुंबईतच पाहा ना. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या मंडळींनी १९६० साली स्वतःच्या हाताने एक संगणक उभा केला. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे बारसे केले. त्याच्या पोटात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. जुन्या रेडिओत पाच-सहा असत आणि तापल्याशिवाय बोलत नसत, त्याच या नळ्या. घरात चार दिवे असले तर एक नेहमी गेलेला असतो, इथे २,७००! तरीही या यंत्राने काही वर्षे शास्त्रज्ञांची गणिते इमानेइतबारे सोडवली. कारण साधे होते. ज्यांनी ते बांधले तेच शेजारी बसलेले होते. नळी गेली की काढायची, दुसरी बसवायची. आमचे एक मामा जन्मभर दम्याने हैराण होते, पण मुलगा डॉक्टर. एक्क्याण्णव वर्षे जगले.

पुढे यंत्रे लहान झाली आणि त्यांच्याबरोबर डॉक्टर घरी राहायला येईनासा झाला. १९८० साली अमेरिकेत ॲपल कंपनीने ‘ॲपल थ्री’ नावाचा संगणक काढला. त्यात पंखा नव्हता. पंख्याचा आवाज होतो म्हणून तो नको, असा स्टीव्ह जॉब्जसाहेबांचा आग्रह. परिणामी यंत्र आतून तापे आणि चिप्स आपापल्या खोबणीतून सैल होत. यावर जो उपाय सुचवला गेला तो ऐकून मला अमेरिकेबद्दल प्रथमच आपुलकी वाटली. उपाय असा, की संगणक तीन इंच वर उचलावा आणि सोडून द्यावा. म्हणजे चिप्स पुन्हा जागेवर बसतात! आपण इकडे टीव्हीच्या डोक्यावर थापटी मारून चित्र आणायचो तेव्हा त्याला लोक अडाणीपणा म्हणायचे. तिकडे तेच तंत्रज्ञान होते.

खरी शहाणी चाल खेळली ती आयबीएमने. १२ ऑगस्ट १९८१ रोजी त्यांनी आपला ‘पर्सनल कॉम्प्युटर’ जाहीर केला. किंमत १,५६५ डॉलरपासून पुढे. स्मरणशक्ती १६ किलोबाइटपासून पुढे. आजच्या मोबाइलमधल्या फोटोतला फार तर नाकाचा शेंडा तेवढ्यात मावेल. पण हा गडी पत्र्याच्या भक्कम पेटीत बसून आला. पेटी उघडायला स्क्रू होते. आतले बहुतेक भाग बाजारात मिळणारे होते. आणि कहर म्हणजे कंपनीने आतल्या जोडण्यांचे नकाशे पुस्तकात छापून विकायला ठेवले. सुगरणीने अनारशाची कृती मापासकट जाहीर करावी, तसला प्रकार. साहजिकच गल्लोगल्ली अनारसे होऊ लागले. आयबीएमचा तोटा झाला असेल, पण तुमच्या-माझ्यासारख्यांची सोय झाली. हे यंत्र कोणालाही बांधता येऊ लागले, म्हणजेच कोणालाही दुरुस्त करता येऊ लागले. त्यांनीच १९८५ साली काढलेला ‘मॉडेल एम’ हा कीबोर्ड दोन किलोंच्या वर वजनाचा आहे. प्रत्येक बटणाखाली खरीखुरी स्प्रिंग. चाळीस वर्षांपूर्वीचे हे कीबोर्ड अजून लोक हौसेने वापरतात. कडकड वाजतात, पण हलत नाहीत. आमच्या कपाटाचेच गोत्र.

त्याच वर्षी, १९८१ मध्येच, ॲडम ऑस्बोर्न नावाच्या गृहस्थाने हातात धरून नेण्याजोगा संगणक विकायला काढला. वजन अकरा किलो, पडदा पाच इंचांचा. ‘नेण्याजोगा’ हा शब्द पिठाच्या डब्यालाही लागू होतो, त्या अर्थाने तो नेण्याजोगा होता. या गृहस्थांचे बालपण तमिळनाडूत तिरुवन्नामलैला गेले. वडील रमण महर्षींचे भक्त. ‘हे सर्व नश्वर आहे’ हे बाळकडू पोटात असल्यामुळे असेल, पण त्यांची कंपनी १९८३ मध्ये दिवाळखोरीत गेली. नव्या मॉडेलची गोष्ट फार आधी सांगून टाकली, त्यामुळे जुने कोणी घेईना, असे सांगतात. शेवटी ते भारतात परतले आणि २००३ मध्ये कोडाईकनालला वारले.

आमच्या कचेरीत पहिला संगणक आला १९८८ साली. साहेबांच्या खोलीत पंखा होता. संगणकाच्या खोलीत वातानुकूलन यंत्र बसले. दारावर पाटी लागली : ‘पादत्राणे बाहेर काढावीत.’ धुळीने यंत्र बिघडते म्हणे. आमचा शिपाई पहिल्या दिवशी चपला काढून आत गेला, यंत्राला नमस्कार केला आणि बाहेर येऊन म्हणाला, “साहेब, तीर्थ कुठं ठेवलंय?” दसऱ्याला रीतसर हळदकुंकू वाहिले, झेंडूचा हार घातला. नारळ मात्र खोलीबाहेर फोडावा असा लेखी आदेश निघाला. थट्टेचा भाग सोडा, पण हे यंत्र तेरा वर्षे चालले. एवढी सेवा मिळाली तर कोण नाही टिकणार? निवृत्तीनंतर मला कोणी एवढे जपले तर मीही शंभरी गाठीन.

घरात संगणक आला तो १९९७ साली, लॅमिंग्टन रोडवरून, सुट्या भागांच्या रूपाने. आणि संगणकाबरोबर आला आमचा मेकॅनिक. वीस-एकवीस वर्षांचा मुलगा, खांद्याला पिशवी. पिशवीत एक स्क्रू ड्रायव्हर, एक रंगकामाचा ब्रश आणि एक खोडरबर.

“खोडरबर कशाला रे?” मी विचारले.

“बघा तर साहेब.”

त्या पावसाळ्यात संगणक एकदा सुरूच होईना; नुसता पी-पी करून ओरडायचा. मुलाने झाकण काढले, मेमरीची पट्टी उपटली, तिच्या सोनेरी दातांवरून खोडरबर फिरवला, पट्टी पुन्हा बसवली. यंत्र सुरू! मुंबईच्या दमट हवेने त्या दातांवर मळ धरतो आणि वीज नीट जात नाही. दोन रुपयांचा खोडरबर तो मळ काढतो. पट्टीची किंमत काही हजार. त्याने पन्नास रुपये घेतले आणि चहा घेतला. पुढची कितीतरी वर्षे दर पावसाळ्यात पापड वाळवणे बंद झाले की आमच्याकडे मेमरी घासणे सुरू होई.

२००३ साली घेतलेल्या दुसऱ्या संगणकाला वेगळेच दुखणे झाले. तीन वर्षांतच तो मधेच मान टाकू लागला. मुलाने झाकण उघडून दाखवले. मदरबोर्डवर कपॅसिटर नावाच्या छोट्या नळकांड्या असतात. त्यांच्या टाळक्या भज्यांसारख्या फुगल्या होत्या. ही साथ तेव्हा जगभर होती. आतल्या द्रावणाची कृती चुकली होती, त्यातून वायू सुटायचा आणि नळकांडे फुगायचे. मुलाने सहा नळकांड्या काढून सहा नव्या सोल्डर करून बसवल्या. “आता दहा वर्षं बघायला नको,” म्हणाला. नऊ चालला.

मग आले लॅपटॉप. यांचा जीव बॅटरीत. लिथियम बॅटरीचे एक जनक जॉन गुडइनफ यांनी १९८० मध्ये तिच्यातले कळीचे द्रव्य शोधले. सोनी कंपनीने ती १९९१ मध्ये बाजारात आणली. गुडइनफना नोबेल मिळाले २०१९ साली, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी. २०२३ मध्ये ते गेले तेव्हा शंभर पूर्ण करून एकशेएकावे संपायला एक महिना उरला होता. बाप शंभर वर्षांचा आणि लेक तीन-चार वर्षांत धापा टाकते! पण त्यातही पूर्वी सोय होती. लॅपटॉप उलटा करायचा, दोन खिट्ट्या सरकवायच्या, जुनी बॅटरी हातात यायची.

२००८ च्या सुमारास बारीक होण्याची लाट आली. लॅपटॉप पाकिटातून काढून दाखवू लागले. बारीक व्हायचे तर खिट्ट्या, खोबणी, झाकणे यांना जागा कुठली? बॅटरी गोंदाने चिकटली. मेमरीची पट्टी गेली. मेमरी मदरबोर्डावरच सोल्डर झाली. काही कंपन्यांनी तर पाच पाकळ्यांचे स्क्रू आणले, म्हणजे घरातला स्क्रू ड्रायव्हर लागूच नये. चोर येऊ नये म्हणून कुलूप लावतात हे ठाऊक होते. वैद्य येऊ नये म्हणून लावलेले कुलूप प्रथमच पाहिले.

२०११ साली आमचा जाडजूड लॅपटॉप जिन्यावरून पडून गतप्राण झाला होता. त्यात वडिलांच्या आठवणी टाइप केलेल्या. मेकॅनिकने चार स्क्रू काढले, हार्ड डिस्क बाहेर काढून एका डबीत घातली, डबी दुसऱ्या संगणकाला जोडली. दहा मिनिटांत वडील परत आले.

२०२१ साली आमच्या हिने आपल्या आईच्या जात्यावरच्या ओव्या लॅपटॉपवर ध्वनिमुद्रित केल्या. सासूबाई तेव्हा सत्त्याऐंशीच्या. तीन दुपारी बसून त्यांनी एक्केचाळीस ओव्या म्हटल्या. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, चिरंजीव पेनड्राइव्ह आणायला खाली उतरले असताना, तो तीन वर्षांचा देखणा, सडपातळ लॅपटॉप विझला. सर्व्हिस सेंटरमधला मुलगा अत्यंत नम्रपणे म्हणाला, “सर, मदरबोर्ड बदलावा लागेल.”

“बदला.”

“त्याच्याबरोबर स्टोरेजपण जाईल, सर. बोर्डावरच सोल्डर्ड आहे.”

मी तो घेऊन आमच्या मेकॅनिककडे गेलो. त्याचेही केस आता पिकले आहेत. त्याने भिंगातून बराच वेळ पाहिले. मग भिंग खाली ठेवून म्हणाला, “साहेब, यात हात घालायला जागाच नाही ठेवलेली.” त्या दिवशी त्याने पैसे घेतले नाहीत. चहाही घेतला नाही.

ही पुन्हा माहेरी गेली. सासूबाईंनी पुन्हा डोळे मिटले. सव्वीस ओव्या आठवल्या. बाकीच्या पंधरा अजून त्या चिपमध्ये आहेत. चिप कपाटात आहे, वडिलांच्या कपाटात.

बरे, यंत्र मेले म्हणून फेकले तर एक वेळ समजू. आता ते जिवंतपणीच बाद होते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीची नेहमीची देखभाल मायक्रोसॉफ्टने थांबवली. पुढची प्रणाली हवी तर यंत्रात अमुक पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० नावाची सोय हवी. नसेल तर ठणठणीत संगणकही बाहेर. अठ्ठावन्नाव्या वर्षी सरकारी नोकर घरी जातो ना, तसाच. गुडघे शाबूत, डोळे शाबूत, फक्त तारीख उलटली.

कोणी म्हणेल, यंत्र म्हटले की झिजणारच. मान्य. पण सप्टेंबर १९७७ मध्ये सुटलेले ‘व्हॉयेजर-१’ हे यान आठवा. त्यातल्या संगणकांची एकूण स्मरणशक्ती सत्तर किलोबाइटच्या आसपास. नोव्हेंबर २०२३ मध्ये ते वेड्यासारखे बरळू लागले. अंतर पृथ्वीपासून २,४०० कोटी किलोमीटर. निरोप पोचायला साडेबावीस तास, उत्तर यायला तेवढेच. शास्त्रज्ञांनी शोधून काढले की स्मृतीची एक चिप गेली आहे. त्यांनी तिच्यातला मजकूर तुकडे करून उरलेल्या जागेत इकडेतिकडे बसवला. बिऱ्हाड बदलताना आई भांडी बसवायची तसा. एप्रिल २०२४ मध्ये म्हातारे पुन्हा शुद्धीवर येऊन बोलू लागले. तिथे ना स्क्रू ड्रायव्हर पोचला, ना खोडरबर. बांधणाऱ्यांनी यंत्रात दुरुस्तीला वाव ठेवला होता, एवढेच. २,४०० कोटी किलोमीटरवर जे जमले ते आमच्या जेवणाच्या टेबलावर जमले नाही.

युरोपने मात्र कायदा केला आहे, की फेब्रुवारी २०२७ पासून बहुतेक उपकरणांतली बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता आली पाहिजे. म्हणजे ज्या खिट्ट्या आमच्याकडे होत्याच, त्या परत मिळवायला कायदा लागला.

परवा नवा लॅपटॉप बघायला दुकानात गेलो. ‘टिकेल ना?’ हे विचारणे मी आता सोडले आहे. काउंटरवरच्या पोराला विचारले, “काय रे, हा उघडतो का?”

“म्हणजे काय काका!” पोरगा उत्साहाने म्हणाला, “एका बोटानं उघडतो.” आणि त्याने पडदा वर करून दाखवला.