दिनविशेष : २२ डिसेंबर १९८७ – झिम्बाब्वेत एकता करार

झिम्बाब्वेची राजधानी हरारे येथे पंतप्रधान रॉबर्ट मुगाबे आणि ‘झापू’ पक्षाचे नेते जोशुआ एन्कोमो यांनी एकता करारावर सह्या केल्या. गोऱ्यांच्या राजवटीविरुद्ध दोघेही लढले. पण १९८० मध्ये स्वातंत्र्य मिळाल्यावर मुगाबेंचा मुख्यतः शोना समाजातला ‘झानू’ आणि एन्डेबेलेंचा मोठा पाठिंबा असलेला ‘झापू’ यांचे लवकरच फाटले. बंडखोरांचा बंदोबस्त करण्याच्या नावाखाली जानेवारी १९८३ मध्ये उत्तर कोरियाने प्रशिक्षित केलेली लष्कराची पाचवी ब्रिगेड एन्डेबेलेंच्या मुलखात, माताबेलेलँडमध्ये घुसली. गावकऱ्यांना एकत्र गोळा करून मारझोड व्हायची, अनेकांना सर्वांदेखत गोळ्या घातल्या गेल्या. १९८४ मध्ये ऐन दुष्काळात दक्षिण भागातली दुकाने बंद करून धान्यही अडवले. ‘गुकुराहुंडी’ नावाच्या या मोहिमेतील बळींचा आकडा २० हजारांपर्यंत सांगितला जातो. खुद्द एन्कोमोंना जीव वाचवण्यासाठी काही महिने देश सोडावा लागला.

तरीही १९८५ च्या निवडणुकीत माताबेलेलँडमधील सर्व १५ जागा झापूनेच जिंकल्या. करार झाला तो या पार्श्वभूमीवर. त्याला दोन पक्षांचे विलीनीकरण म्हणायचे ते उपचारापुरतेच, कारण नव्या पक्षाचे नावही झानू (पीएफ) हेच राहिले. त्याच महिनाअखेरीस मुगाबे कार्यकारी राष्ट्राध्यक्ष झाले. एन्कोमोंच्या वाट्याला पुढे उपराष्ट्राध्यक्षपद आले. हिंसाचार थांबला, ही कराराची खरी कमाई.

२२ डिसेंबर हा तिथे ‘एकता दिन’, सार्वजनिक सुटीचा. हत्याकांडाच्या सरकारी चौकशी आयोगाचा अहवाल मात्र सरकारने कधीच प्रसिद्ध केला नाही.