परिषदेआधीची परिषद : बैरुत, मार्च २००२

आंतरराष्ट्रीय परिषदांचा इतिहास आपण बहुधा ठरावांतून वाचतो. ठराव हाती पडतो तेव्हा त्याची भाषा सपाट, निर्विकार झालेली असते. त्या सपाटपणाखाली किती झटापट गाडली गेली आहे, हे कळण्यासाठी परिषदेआधीच्या दिवसांकडे वळावे लागते. अरब लीगच्या बाबतीत तर हे अधिकच खरे. लीगच्या १९४५ च्या सनदेतील सातव्या कलमानुसार एकमताने झालेला निर्णय सर्व सभासदांवर बंधनकारक असे. बहुमताचा निर्णय मात्र तो मान्य करणाऱ्यांपुरताच. या नियमात २००५ साली दुरुस्ती होईपर्यंत एका राजधानीचा नकारही ठरावाचे बळ काढून घेण्यास पुरेसा होता. त्यामुळे खरे काम परराष्ट्रमंत्र्यांच्या भेटीगाठींत होई. राष्ट्रप्रमुखांची शिखर परिषद म्हणजे बरेचदा त्यावरील शिक्का.

हे काम अपुरे राहिले की काय होते, याचा धडा १९८१ साली मिळाला होता. सौदी अरेबियाचे तत्कालीन युवराज फहद यांनी ऑगस्टमध्ये आठ कलमी शांतता योजना मांडली. तिच्यातील एका कलमात प्रदेशातील सर्व राज्यांचा शांततेने जगण्याचा हक्क मान्य केला होता, आणि इस्राएलचे नाव न घेताही त्याचा अर्थ सर्वांना कळत होता. नोव्हेंबरमध्ये मोरोक्कोतील फेझ येथे शिखर परिषद भरली. सीरियाचे अध्यक्ष हाफिज अल्-असद तिकडे फिरकलेच नाहीत आणि परिषद काही तासांत गुंडाळावी लागली. सप्टेंबर १९८२ मध्ये त्याच फेझमध्ये योजना संमत झाली, पण बदललेल्या शब्दांत. आता शांततेची हमी सुरक्षा परिषदेने द्यावी, असे म्हटले होते.

वीस वर्षांनी सौदीचे दुसरे एक युवराज, अब्दुल्ला, त्याच वाटेने निघाले. १७ फेब्रुवारी २००२ रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये थॉमस फ्रीडमन यांनी त्यांच्याशी झालेले संभाषण प्रसिद्ध केले. त्यातली देवघेव सरळ होती : १९६७ साली व्यापलेल्या प्रदेशातून संपूर्ण माघार आणि बदल्यात संबंधांचे संपूर्ण सामान्यीकरण. मार्चच्या अखेरीस बैरुतला शिखर परिषद होती. मधल्या पाच-सहा आठवड्यांत या वाक्याचे काय झाले, ते भाषेच्या अभ्यासकांनी पाहण्याजोगे आहे.

अडचण ‘सामान्यीकरण’ या शब्दापाशी होती. त्यासाठीचा अरबी शब्द ‘तत्बीअ’. आपल्याकडे ‘तबियत’ ज्या धातूपासून आली, त्याच धातूचा हा शब्द. आणि ‘तपशील’, ‘तजवीज’ ज्या साच्यातून आले, त्याच साच्यात घडलेला. या साच्यात ‘करणे, घडवून आणणे’ हा भाव असतो. इजिप्तने १९७९ मध्ये इस्राएलशी तह केल्यापासून अरब जगात हा शब्द जवळजवळ आरोपासारखा वापरला जाऊ लागला होता. इस्राएलचा प्रवास करून त्यावर पुस्तक लिहिणारे नाटककार अली सालेम यांना इजिप्तच्या लेखक संघाने २००१ साली काढून टाकले, ते याच ‘तत्बीअ’पायी. सीरियाला हा शब्द ठरावात नको होता. बशर अल्-असद यांच्याशी सौदी नेत्यांची बोलणी झाली, परराष्ट्रमंत्री सऊद अल्-फैसल आणि फारूक अल्-शरा यांच्या पातळीवर मसुदे फिरले. शेवटी ‘संपूर्ण सामान्यीकरण’ जाऊन ‘सामान्य संबंध’, म्हणजे ‘अलाकात तबीइय्या’, हे शब्द आले. धातू तोच राहिला. क्रियेची जागा विशेषणाने घेतली.

दुसरी झटापट लेबनॉनची. ‘तौतीन’ म्हणजे निर्वासितांना यजमान देशातच कायमचे वसवणे. आपल्या ‘वतना’चे हे भावंड. १९७५ ते १९९० असे यादवी युद्ध सोसलेल्या आणि पंथांच्या नाजूक तोलावर उभ्या असलेल्या लेबनॉनला पॅलेस्टिनी निर्वासितांचे कायमचे वास्तव्य नको होते. तौतीन नाकारणारे वाक्य त्याने ठरावात घालून घेतले. मात्र निर्वासितांच्या प्रश्नावर राष्ट्रसंघाच्या आमसभेच्या १९४ व्या ठरावानुसार ‘सहमतीने ठरणारा’ न्याय्य तोडगा निघावा, हेही शब्द राहिले. तोडगा इस्राएलच्या संमतीवाचून लादला जाणार नाही, ही सूचना त्या ‘सहमती’त दडलेली होती, जॉर्डनचे तत्कालीन परराष्ट्रमंत्री मरवान मुआशर यांनी पुढे आपल्या पुस्तकात तिचे महत्त्व आवर्जून सांगितले आहे.

२८ मार्चला ठराव झाला. आदल्याच संध्याकाळी नेतान्या येथील हॉटेलात, सणाच्या भोजनाच्या वेळी, हमासच्या आत्मघातकी हल्ल्यात ३० जण ठार झाले होते. २९ मार्चला इस्राएली फौजा रामल्लात शिरल्या आणि यासर अराफात यांच्या मुख्यालयाला वेढा पडला. इतक्या कष्टाने जुळवलेली वाक्ये शांतपणे वाचायला कोणाला सवडच उरली नाही.

मग ही शब्दांची घासाघीस व्यर्थ म्हणायची का? आम्हांला तसे वाटत नाही. सीरियापासून सौदीपर्यंतची परस्परविरोधी राज्ये एका कागदाखाली आली, ती या बदलांमुळेच; २००७ मध्ये रियाधला त्याच कागदाचा पुनरुच्चारही झाला. पण सहमतीला किंमत असते. घरच्यांसाठी शब्द मवाळ केला की समोरच्याला वचनच मवाळ झाल्यासारखे ऐकू येते. पुढे १५ सप्टेंबर २०२० रोजी संयुक्त अरब अमिराती आणि बहरीन यांनी वॉशिंग्टनमध्ये इस्राएलशी करार केले. बैरुतमध्ये टाळलेले ‘तत्बीअ’ प्रत्यक्षात आले, आणि त्याच्या बदल्यात मागितलेली माघार झालेलीच नव्हती. इतक्या निगुतीने निवडलेला शब्द त्यामागची अट मात्र राखू शकला नाही. बैरुतचा ठराव आज वाचताना हेच अधिक बोचते.