वायूच्या हिशेबाची कुळकथा

नागपूर–रायपूर महामार्गाला गोंदियाचा रस्ता कोहमाऱ्याला मिळतो. अशा नाक्यावरच्या ढाब्यांत १९ किलोचा सिलिंडर लागतो. आतला द्रवरूप गॅस सगळा मोकळा झाला, तर किती जागा व्यापेल? उत्तर एका समीकरणात आहे : दाब गुणिले आकारमान बरोबर मोल (म्हणजे रेणूंच्या ठरावीक संख्येचे गट) गुणिले स्थिरांक गुणिले तापमान. हे समीकरण पुरं व्हायला दोनशे वर्षं लागली.

मूळपुरुष रॉबर्ट बॉइल. गळासारख्या वाकवलेल्या काचनळीत पारा ओतून त्यानं हवा कोंडली आणि १६६२ मध्ये मांडलं, की तापमान तेच असेल तर दाब दुप्पट केल्यावर आकारमान निम्मं होतं. पुढची पिढी बलूनवाल्यांची. १७८३ मध्ये हायड्रोजनच्या बलूनमधून उडालेल्या जाक शार्लनं चार वर्षांनी पाहिलं, की तापवल्यावर सगळे वायू सारख्याच प्रमाणात फुगतात. पण छापलं नाही. १८०२ मध्ये गे-ल्युसॅकनं स्वतःचे प्रयोग प्रसिद्ध करताना शार्लचं नाव घेतलं. तो नियम आज शार्लच्या नावानं शिकवतात, तो या सचोटीमुळे.

१८११ मध्ये आव्होगाद्रोनं म्हटलं, की दाब आणि तापमान सारखं असेल तर सारख्या आकारमानात रेणूही सारखेच. हे पटायला जगाला अर्धं शतक लागलं. वाफेच्या इंजिनांचा अभ्यासक क्लापेरॉन यानं १८३४ मध्ये बॉइल आणि गे-ल्युसॅक यांचे नियम एकत्र गुंफले, पण त्याचा स्थिरांक प्रत्येक वायूला वेगळा होता. १८७४ मध्ये मेंडेलीव्हनं त्यात आव्होगाद्रो मिसळला आणि सगळ्या वायूंना एकच स्थिरांक मिळाला.

आता हिशेब. सगळा गॅस ब्युटेन धरू. त्याचा एक मोल ५८ ग्रॅमचा. १९ किलोचे झाले सुमारे ३२८ मोल. तापमान केल्विनमध्येच घ्यायचं : २७ अंश म्हणजे ३००. हवेच्या नेहमीच्या दाबाला एक मोल २४.६ लिटर, म्हणजे एकूण सुमारे ८,००० लिटर. मे महिन्यात ४५ अंशांना तेच साडेआठ हजार. दहा फूट लांब, रुंद आणि उंच खोलीचा पाव भाग व्यापून उरेल, एवढं.

आव्होगाद्रो आणखी एक सांगून जातो. रेणू सारखेच, पण हवेचा मोल २९ ग्रॅमचा आणि ब्युटेनचा ५८. म्हणून गळलेला गॅस वर जात नाही, जमिनीलगत साचतो. वास आला की आधी दार उघडायचं, तळाशी वाट करून द्यायची आणि दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही.