आडवे खांब

जुन्या वास्तूंबद्दल बोलताना आपण फार पटकन निकाल देऊन मोकळे होतो. यांनी बांधलं, त्यांनी पाडलं. विषय संपला! लेबनॉनच्या किनाऱ्यावरचं जुबैल मात्र इतक्या सहज सोडत नाही.

बैरुतच्या उत्तरेला, समुद्रकाठचं हे गाव. ग्रीक लोक याला बिब्लॉस म्हणत. त्यावरूनच ग्रीकमध्ये पपायरसला आणि पुस्तकाला शब्द मिळाला, आणि पुढे 'बायबल' आलं. फिनिशियन, पर्शियन, ग्रीक, रोमन... सगळ्यांचे थर इथे एकावर एक बसलेले.

११०४ मध्ये क्रुसेडरांनी गाव घेतलं. किल्ला बांधायला रोमन काळातले दगड आणि खांब आयते हाताशी होते, तेच त्यांनी वापरले. गंमत म्हणजे खांब त्यांनी उभे न करता भिंतीच्या जाडीत आडवे घातले. अशा भिंतीला आतबाहेर घडीव दगड आणि मध्ये चुन्यातली भर. खांब आडवा गेला की हे सगळं एकमेकांना धरून राहतं. बाहेरून दिसतात ती फक्त गोल तोंडं, जात्याची तळी ओळीने बसवावीत तशी. दक्षिणेला सैदा इथे भर समुद्रात १२२७-२८ मध्ये बांधलेला किल्ला आहे, त्याच्याही भिंतींत हेच.

१२९१ मध्ये मामलुक सुलतान अल-अश्रफ खलीलने अक्का जिंकलं. युरोपातल्या फौजांना पुन्हा उतरायला जागा मिळू नये म्हणून किनाऱ्यावरची बरीच तटबंदी पाडली गेली.

मग आले जपणारे. मोरिस दुनां या फ्रेंच पुरातत्त्वज्ञाचं जुबैलमधलं उत्खनन १९२० च्या दशकात सुरू झालं आणि १९७५ च्या यादवीपर्यंत चाललं. पण खालचं पाहायचं तर वरचं काढावंच लागतं ना! ओबेलिस्कांचं देऊळ दगड-दगड करून बाजूला नेऊन मांडलं, कारण त्याच्याखाली त्याहून जुनं देऊळ होतं. रोमन रंगमंडलही समुद्राच्या जवळ हलवलं.

आता सांगा, यात मोडणारा कोण आणि राखणारा कोण? क्रुसेडरांना वारसाबिरसा काही ठाऊक नव्हता, तरी त्यांच्या भिंतीत खांब आठशे वर्षं टिकले. पुरातत्त्वज्ञांना तर वारसाच हवा होता, तरी एक थर दिसावा म्हणून दुसरा हलवावा लागला.

जुबैल १९८४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये, लेबनॉनवर बॉम्ब पडत असताना, तिथल्या ३४ स्थळांना युनेस्कोने वाढीव संरक्षण जाहीर केलं. कागदाचं संरक्षण बॉम्बपुढे किती पुरतं, हा प्रश्न आहेच. पण कागद तरी असावा.

आज त्या भिंतीतला एखादा खांब कुणी ओढून काढला, तर रोमनांचा खांब मोकळा होईल आणि क्रुसेडरांची भिंत ढासळेल. मला तरी तो आहे तिथेच, आडवाच बरा वाटतो. तुम्हाला?