तलावाकाठचे बिऱ्हाड

1742 साली नारो शंकर झाशीचे सुभेदार झाले. त्यांनी शहर वसविले. पुढे आपण या मुलखात बहुधा बदलीवर, म्हणजे भाडेकरू म्हणूनच आलो. शेजारच्या बरुआसागरात, ओरछ्याच्या उदितसिंहाने बांधविलेल्या तलावाकाठी, घर मिळणे हा मात्र सरकारी विषय होता. उत्तर प्रदेशच्या 1972 च्या कायद्यान्वये रिकामे घर कोणास द्यावे हे जिल्हाधिकारी ठरवीत; मालकालाही स्वतःचे घर अर्ज करून सोडवून घ्यावे लागे. हेतू भाडेकरूच्या रक्षणाचा. पण माझ्या मते, त्यामुळे घर भाड्याने देण्याचीच मालकाला धास्ती बसली. 2021 च्या कायद्याने लेखी करार सक्तीचा केला, अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती बांधली. तोंडी बोलीवर राहिलेल्या जुन्या बिऱ्हाडांनाही करार लिहून घेणे भाग पडले.